गालिचा धुण्याआधी

दसरा-दिवाळी जवळ आली, किंवा रमजानचा चांद दिसायला महिनाभर उरला, की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रकं खाली पडायला लागतात. स्टीम क्लीनिंग, शॅम्पू वॉश, ड्राय क्लीनिंग, फोम क्लीनिंग. खाली चौरस फुटाचा दर आणि कोपऱ्यात हसऱ्या गृहिणीचं चित्र. प्रत्येक पत्रकाचं म्हणणं एकच, आमची पद्धत सर्वांत चांगली. मंडळी, आज मला बोलायचंय ते याच पत्रकांबद्दल. घरातला गालिचा किंवा भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं कार्पेट साफ करायचं झालं, तर यांतली कोणती पद्धत निवडावी?

कवीला यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. पण मी या वस्तूकडे आधी शब्दांच्या वाटेनेच आलो. गालिचा हा शब्द फार्सीतला. तिकडे ‘काली’ म्हणजे मोठा आणि ‘कालीचा’ म्हणजे छोटा. जाजमही तिकडूनच आलं. सतरंजीचं नातं शतरंजशी, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशी जोडतात, कारण जुन्या सतरंजीवर तशीच चौकोनी घरं असत. शब्द आपल्या बोलीत रुळले, वस्तू घरात आल्या. त्या धुण्याची विद्या मात्र कारागिरांपाशीच राहिली.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. मी राहतो सांगलीत. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीतलं कार्पेट धुवायचं ठरलं तेव्हा ट्रस्टने तीन ठेकेदारांकडून कोटेशनं मागवली. ती आली इंग्रजीत. बी. ए. झालेला आणि दुपारी घरी सापडणारा म्हणून कागद माझ्या हाती दिले. एकजण गरम पाणी मारून ते यंत्राने ओढून घेणार होता. दुसरा फिरत्या ब्रशने शॅम्पू लावणार होता. तिसरा पाण्याला हातच लावणार नव्हता. कोरडी पावडर पसरायची, घोळायची आणि ओढून घ्यायची, बस्स. तिसऱ्याचा दर सर्वांत कमी, आणि तासाभरात नमाजला जागा मोकळी.

आमच्या हाजीसाहेबांनी तिथेच हरकत घेतली. ‘‘पानी के बगैर पाक कैसा होता जी?’’

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता हा. आमच्याकडे साफ आणि पाक हे दोन वेगळे शब्द आहेत. कार्पेट दिसायला स्वच्छ असेल, पण त्यावर लहान मुलाने लघवी केली असेल तर ते पाक नाही, आणि तिथे माणसं कपाळ टेकवतात. मौलानांनी उलगडा केला तो असा. जिथे घाण पडल्याचं माहीत आहे ती जागा पाण्यानेच धुवायला हवी, पण धूळ म्हणजे नापाक नव्हे. माती तर इतकी पाक, की पाणी नसेल तेव्हा तयम्मुम तिच्यावरच करतात. म्हणजे सगळं कार्पेट भिजवायलाच हवं असं नाही. मग आमच्यापुढे उरला तो केवळ सफाईचा प्रश्न, आणि मी त्याच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट कळली ती धुळीबद्दलच. कार्पेटमध्ये जे साठतं त्यातला मोठा भाग कोरडा असतो. रस्त्यावरची बारीक रेती, कपड्यांचे तंतू, आपल्याच कातडीचा कोंडा. त्यातली रेती सर्वांत वाईट. तिच्या कणांना धारदार कडा असतात. त्या लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांच्या, मुळाशी जाऊन बसतात आणि वरून पाय पडला की करवतीसारखं काम करतात. येण्याजाण्याच्या वाटेवरचा गालिचा काळवंडलेला दिसतो तो पुष्कळदा मळलेला नसतोच, घासला गेलेला असतो. तो मग कोणत्याही पद्धतीने धुतला तरी पूर्ववत होत नाही. म्हणून पाण्याचा विचार करण्याआधी ही रेती काढली पाहिजे. त्यावर पाणी पडलं तर तिचा चिखल होतो आणि तो आणखी खाली उतरतो. एखादा ठेकेदार आल्याबरोबर थेट पाण्याचा पाइप जोडू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

पूर्वी हे काम बांबूच्या काठीने व्हायचं. गालिचा उलटा करून दोरीवर टाकायचा आणि पाठीवर झोडपायचा. छोट्या, मजबूत गालिच्याला आजही ते चालतं. जुन्या, विरलेल्या गालिच्याचे मात्र ताणे तुटतात. यंत्राची कथा मजेची आहे. लंडनचा इंजिनियर ह्यूबर्ट सेसिल बूथ याने एक यंत्र पाहिलं. ते हवा फुंकून धूळ उडवायचं आणि ती पुन्हा तिथेच बसायची. त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? १९०१ साली त्याने ओढणारं यंत्र केलं. ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवरून यायचं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि खिडकीतून लांबलचक नळ्या घरात जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे याच यंत्राने साफ केले. आपल्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर हा त्याचाच वारस. आठवड्यातून दोनदा, सावकाश, उभा आणि आडवा, दोन्ही दिशांनी फिरवलात तर वर्षातला मोठा धुण्याचा प्रसंग पुढे ढकलता येतो. घरात दम्याचं माणूस असेल तर चांगली गाळणी असलेलंच यंत्र घ्या. नाहीतर बारीक धूळ पुढून आत जाते आणि मागून खोलीत परत येते.

आता पाणी. पत्रकातलं ‘स्टीम क्लीनिंग’ हे नाव फसवं आहे. त्यात वाफ जवळजवळ नसतेच. गरम पाण्यात साबणाचा अंश घालून ते दाबाने लवेत मारतात आणि मागोमाग मोठ्या ताकदीच्या पंपाने ओढून घेतात. मळ पाण्याबरोबर खरोखर बाहेर येतो, म्हणून खोल सफाईसाठी ही पद्धत चांगली. पण पंप अशक्त असेल, किंवा चालवणारा घाईत असेल, तर पाणी आतच राहतं. नीट ओढून घेतलेलं कार्पेट वाळायला सहा तासांपासून एक दिवस लागतो. शॅम्पूची पद्धत जुनी. ब्रशने फेस होतो आणि चमकही येते, पण साबण धुऊन काढला नाही तर तो चिकट थर होऊन बसतो. महिन्याभरात त्यावर नवी धूळ अशी चिकटते की आधीचं कार्पेट बरं होतं म्हणायची वेळ येते. काही लोक यंत्राखाली ओला जाड कपडा लावून गोल फिरवतात. हॉटेलांत ते चालतं, कारण त्यांना उद्या सकाळी वरचा भाग चकचकीत दिसायला हवा असतो. खालचा मळ खालीच. अलीकडे आणखी एक प्रकार आलाय. त्यातलं रसायन वाळलं की त्याचे ठिसूळ स्फटिक होतात, मळ त्यात अडकतो आणि तो व्हॅक्यूमने ओढून घेतात. पाणी थोडं आणि तास-दोन तासांत कोरडं. ऑफिसातल्या कार्पेटला आणि दोन मोठ्या धुण्यांच्या मधल्या काळात हा प्रकार मला पटतो. कोरडी पावडरही तशीच, वरवरच्या मळाला पुरते.

पण पद्धतीच्या नावावरून निवड करायची नसते. आधी गालिचा उलटा करून पाहायचा. मागच्या बाजूला पुढचीच नक्षी गाठी-गाठींनी स्पष्ट दिसत असेल तर तो हातमागावर गाठी मारून विणलेला आहे. त्याच्या टोकाच्या दशा म्हणजे त्याचेच ताणे. त्या शिवून लावलेल्या नसतात. मागे नुसतं कापड चिकटवलेलं दिसलं तर धागे टोचून डिंकासारख्या रबराने बसवलेले आहेत. असा गालिचा फार भिजला तर रबर सुटतं आणि कापडाचे फुगे येतात. अस्तर तागाचं असेल तर आणखी एक संकट. ताग जास्त वेळ ओला राहिला की त्यातला तपकिरी रंग धाग्यांवाटे वर चढतो. वाळल्यावर जे पिवळट-तपकिरी डाग दिसतात ते मळाचे नसतात, तागाचे असतात.

मग धागा कोणता ते पाहायचं. मागच्या बाजूने एक तंतू काढा, चिमट्यात धरा आणि काडीने पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर लोकर, किंवा रेशीम. कागदासारखा जळला तर सूत, नाहीतर व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. कृत्रिम धाग्यातला पॉलिप्रॉपिलीन ओळखायची माझी आवडती युक्ती म्हणजे साबणाच्या पाण्यात तंतू नीट दाबून भिजवायचा आणि सोडायचा. तो वर येऊन तरंगतो, कारण पाण्यापेक्षा हलका असतो. आमच्या मशिदीतला तरंगला.

आणि तिथेच आमचा निर्णय झाला. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे पाण्याने बिघडत नाही. पण त्याला तेलाचं भारी प्रेम. कपाळाचं आणि पावलांचं तेल त्यावर थर धरून बसतं. कोरड्या पावडरीने ते पुरतं निघत नाही. त्यात वजू करून ओल्या पावलांनी आत येणाऱ्यांमुळे दाराजवळच्या सफा कायम दमट, आणि कुबट वास येतो तो तिथूनच. म्हणून गरम पाणी आणि ओढणारं यंत्र. मात्र ट्रस्टने दोन अटी लिहून घेतल्या. शेवटचा हात नुसत्या स्वच्छ पाण्याचा असेल, आणि इशाच्या नमाजनंतर रोज अर्धंच कार्पेट धुतलं जाईल, पंखे रात्रभर चालू ठेवून. दाराशी जाड पायपुसणी टाकली. खर्चात तीच सर्वांत स्वस्त आणि उपयोगात सर्वांत मोठी.

ऋतूचाही विचार करावा लागतो. २०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. त्या दिवसांत कार्पेट धुणं म्हणजे बुरशीला दावत. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला आला. हवा कोरडी आणि ऊन चांगलं. ओलं कार्पेट दोन दिवसांच्या आत वाळलं नाही तर बुरशी धरते, असा ढोबळ हिशेब आहे. कोकणात राहणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर मोठं धुणं काढूच नये. तेवढे दिवस व्हॅक्यूमवर भागवावं.

आतापर्यंत सांगितलं ते कृत्रिम धाग्याचं. लोकरीच्या हातविणीच्या गालिच्याचं शास्त्र निराळं, आणि चूक झाली तर नुकसान भरून न येणारं. माझ्या थोरल्या आपाकडे असा एक गालिचा आहे. थंडीत काश्मिरी फेरीवाले यायचे, त्यांच्याकडून अब्बांनी हप्त्याने घेतलेला. तांबडा मध्य, पांढरी किनार. काही वर्षांपूर्वी ऐन ऑगस्टमध्ये एका सफाईवाल्याने तो घरातच गरम पाण्याने आणि कपड्यांच्या पावडरीने धुतला. तीन दिवस ओला राहिला. चौथ्या दिवशी आपाने मला बोलावलं तेव्हा तांबडा रंग किनारीत उतरून ती गुलाबी झाली होती आणि दशा चहात बुडवल्यासारख्या दिसत होत्या. आपा काही बोलली नाही. अब्बा गेल्यावर वाटणीत तिने घरातली ही एकच वस्तू मागून घेतली होती.

पुण्यात गालिचे रफू करणारा एक कारागीर आहे, मूळचा भदोहीकडचा. त्याच्याकडे गालिचा नेला. त्याने बोट ओलं करून लवेच्या मुळाशी दाबलं, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘पानी डालना आसान है, साहब. निकालना हुनर है.’’ मग त्याने समजावलं ते मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं. लोकर म्हणजे केसच. आपण आपलं डोकं धुण्याच्या सोड्याने धुऊ का? सोड्याने आणि कडक पावडरींनी लोकर रखरखीत होते आणि रंग सैल पडतो. डाग खाणाऱ्या म्हणून ज्या पावडरी येतात त्यांतले काही घटक रक्त-दुधाच्या डागाबरोबर लोकरही खातात, कारण तीही प्रथिनच. ब्लीचिंगने तर ती अक्षरशः विरघळते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. तिथेच माणूस फसतो. वरून वाळलेला गालिचा गुंडाळून ठेवतो आणि आत तो सडत असतो.

असा गालिचा धुवायचाच तर पूर्ण धुवावा, आणि घरात नव्हे. आधी कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं मिनिटभर दाबून धरायचं. फडक्यावर रंग आला तर पाण्याची पद्धत बाद. रंग पक्का असेल तर उताराच्या फरशीवर अंथरून, गार किंवा जेमतेम कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरून, लवेच्या दिशेने लाकडी पाट्याने पाणी पुढे लोटत न्यायचं. ते स्वच्छ येईपर्यंत. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालतात, त्याने रंग बसून राहतो. मग सपाट वाळवायचं, खालून वारा लागेल असं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या भाराने आकार बिघडतो. रेशमी गालिचा असेल, किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलेलं व्हिस्कोस, तर घरी पाण्याचा थेंबही नको. व्हिस्कोस ओलं असताना इतकं दुबळं होतं की घासलं की तुटतं. तो जाणकारालाच द्यावा.

वाहत्या पाण्याशी गालिच्याचं नातं जुनं आहे. इराणात काशानजवळ मशहद-ए-अर्दहाल नावाचं ठिकाण आहे. तिथे दरवर्षी शरद ऋतूत इमाम महंमद बाकर यांचे पुत्र सुलतान अली यांच्या स्मरणार्थ एक गालिचा मिरवत झऱ्यापर्यंत नेतात. हातात लाकडी दंडे घेतलेले लोक तो पाण्याने धुतात, गुलाबपाणी शिंपडतात आणि परत दर्ग्यात आणतात. २०१२ साली युनेस्कोने या विधीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. कुणाच्या तरी दुःखाची आठवण म्हणून गालिचा धुणं, हे मला कवी म्हणून फार मोठं वाटतं. आपाचा गालिचा त्या कारागिराने दोन महिने ठेवून घेतला. किनारीचा गुलाबी बराच उतरला, सगळा नाही. दशा पुन्हा पांढऱ्या झाल्या.

डागांबद्दल थोडंसं, कारण फोनवर लोक हेच विचारतात. डाग घासायचा नाही, टिपायचा. आणि कडेकडून मध्याकडे, म्हणजे पसरत नाही. रश्शाचं तेल सांडलं तर आधी मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, मग व्हॅक्यूम. आपल्या घरातला खरा शत्रू म्हणजे हळद. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि लोक घाबरून आणखी साबण लावतात. घाबरू नये. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तीच ही करामत; हळदीला अल्कली मिळाली की ती लाल होते. गार पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपा, लाली परत पिवळ्यावर येते. उरलेल्या पिवळ्याचं काम उन्हाकडे सोपवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मात्र गालिच्याचाही टिकत नसेल, तर ऊन कोवळंच द्या.

पुराचं बोललो नाही तर सांगलीकर मला माफ करणार नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि गटारांसह घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्यांबरोबर कार्पेटांचे ढीग पडले होते. त्यातलं चिकटवलेलं कार्पेट आणि खालचा फोम टाकूनच द्यावा लागतो. मैलापाणी फोममध्ये शिरलं की कोणतंही यंत्र ते पुरतं काढू शकत नाही. पण सुती सतरंज्या आणि हातविणीचे लोकरी गालिचे लोकांनी त्याच ढिगात टाकले, याचं मला वाईट वाटतं. गाळ वाळून घट्ट होण्याआधी ते भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन निघाले असते. सतरंजी तर जवळजवळ काहीही सहन करते. तुरुंगात विणलेल्या जाड सतरंज्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे सांगायला नको.

आणि धुऊन, वाळवून आणलेला लोकरी गालिचा लगेच वापरायचा नसेल तर घड्या घालू नका, गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये मुळीच नाही. जुन्या सुती चादरीत. आत डांबराच्या गोळ्या टाका, पण लवेला थेट लागू देऊ नका, कापडाच्या पुरचुंडीत बांधून. दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून पाठ आणि कडा पाहा. कसर नेहमी अंधाऱ्या बाजूने लागते. अंथरलेल्या गालिच्यालाही ती लागते, सोफ्याखाली, कपाटाच्या पायांशी, जिथे झाडू पोचत नाही तिथे. म्हणून अधूनमधून सोफा सरकवत जा.